लाँच कुठे आहे, हे किनाऱ्याला दिसलंच पाहिजे

माझा मुलगा क्रूझवर नोकरीला आहे. मायामीहून सुटायचं, कॅरिबियन समुद्रातली चार-दोन बंदरं घ्यायची आणि आठवड्याने परत मायामीला लागायचं, असा त्या जहाजाचा फेरा. तिथल्या जेवणघरात तो असिस्टंट वेटर आहे. माझी मुलगी मुंबईला फोर्टात नोकरी करते. शुक्रवारी कामावरून सुटली की गेटवेला लाँच पकडते आणि मांडव्याला उतरून अलिबागला घरी येते. मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, मुलगी समोरच्या बंदरात. तरीही मुलाचं जहाज या घडीला कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेला चाललं आहे, हे मला फोनवर दिसतं. मुलीची लाँच त्याच नकाशावर कधी सापडते, बहुतेक वेळा सापडतच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत निवृत्त झाले. फळ्यावर अक्षांश-रेखांश काढण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे समुद्रातल्या ठिपक्याचा अर्थ मला लवकर उमगला. आता या विषयावर माझं ठाम मत झालं आहे. माणसं घेऊन पाण्यावर निघालेली प्रत्येक बोट किनाऱ्यावरच्या माणसाला दिसली पाहिजे, आणि ती बघायला कोणीतरी जबाबदार माणूस नेमलेला असला पाहिजे. क्रूझसाठी जगाने हे केलं. आपल्या लाँचसाठी आपण ते अजून पुरतं केलेलं नाही.

यामागचं तंत्र समजलं की मागणी किती साधी आहे ते कळतं. ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टीम, म्हणजेच एआयएस, हे जहाजावर बसवायचं एक यंत्र आहे. ते जीपीएसवरून स्वतःची जागा काढतं आणि व्हीएचएफ रेडिओवरून आसपासच्या सगळ्यांना सांगत राहतं. जहाज चालत असेल तर वेगाप्रमाणे दर 2 ते 10 सेकंदांनी, नांगर टाकून उभं असेल तर दर 3 मिनिटांनी. त्यासाठी 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्‌झ अशा दोन वाहिन्या जगभर राखून ठेवल्या आहेत. एकेका वाहिनीवर मिनिटाचे 2250 तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक यंत्र आपला मोकळा तुकडा आपणच शोधून घेतं. म्हणून गजबजलेल्या बंदरात शेकडो जहाजं एकाच वेळी बोलत असली तरी एकमेकांचा आवाज दाबत नाहीत. जहाजाचं नाव, 9 आकडी ओळख क्रमांक, प्रकार, लांबी-रुंदी, वेग, दिशा आणि पुढचं बंदर एवढं सगळं त्या संदेशांतून जातं. भारतीय जहाजाचा ओळख क्रमांक 419 या आकड्यांनी सुरू होतो.

मुळात हे यंत्र टक्कर टाळायला बनवलं. रात्री किंवा धुक्यात समोरून येणारं जहाज कोणतं आहे आणि कुठे वळतं आहे, हे दोन्ही कप्तानांना आधीच कळावं हा हेतू. टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 मध्ये जो सोलास करार जन्माला आला, त्याच कराराच्या आजच्या रूपात एआयएसची सक्ती आहे. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या 300 टनांवरच्या जहाजांना ती आहेच. तशा सफरीवरचं प्रवासी जहाज असेल तर ते कितीही लहान असो, त्याला सुटका नाही. 2004 च्या अखेरपर्यंत ही सक्ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. मग 2007 मध्ये ग्रीसमधल्या एजियन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने मरीनट्रॅफिक नावाचा नकाशा सुरू केला. जगभरच्या हौशी लोकांनी घराच्या गच्चीवर अँटेना लावून पकडलेले संदेश त्यावर येऊ लागले आणि कप्तानापुरती असलेली माहिती आमच्यासारख्यांच्या हातात आली.

आमच्या भागात बोटीवर जाणं नवीन नाही. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत पिढ्यान् पिढ्या घरटी एखादा माणूस बोटीवर असे. त्यांच्या बायकांनी, आयांनी महिनोन्‌महिने पत्राची वाट बघत दिवस काढले. पत्र हातात पडेपर्यंत माणूस तिसऱ्याच बंदरात पोचलेला असायचा. आजच्या आयांची वाट बघणं संपलेलं नाही, पण त्यांच्या हातात नकाशा आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रूझवरच्या मुलांच्या आया आणि बायका आहेत. नवीन आलेल्या बाईचा पहिला घाबरा निरोप ठरलेला असतो. "बाई, सकाळपासून बोट समुद्रात एकाच जागी उभी आहे हो! काही झालं असेल का?" मी तिला सांगते, "अगं, ठिपका दाब आणि शेवटचा संदेश किती वाजताचा आहे ते बघ." वेळ जुनी निघते. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतचं ऐकू येतं. त्यापुढचे संदेश उपग्रह पकडतात आणि ते बघायला बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात. जहाज पुढे गेलेलं असतं, ठिपका मात्र मागच्या जागी राहिलेला असतो. हे एकदा समजलं की त्या बाईला रात्री झोप लागते.

मी त्यांना आणखी दोन गोष्टी शिकवते. नकाशावरची वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. आणि जागा, वेग, दिशा यंत्र स्वतः पाठवतं, पण पुढचं बंदर आणि पोचण्याची वेळ अधिकारी हाताने भरतो. तिथे मागच्याच बंदराचं नाव राहून गेलेलं असू शकतं, म्हणून जहाज वाट चुकलं असं समजायचं नाही. यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवा, हाताने भरलेला आकडा पडताळून बघा. ही जाण प्रत्येक बोटवाल्याच्या घरात असायला हवी, असं मला वाटतं.

2020 साली या नकाशाने आम्हाला तारलं. मार्चमध्ये करोनामुळे क्रूझ बंद पडल्या. प्रवासी उतरले, पण खलाशी आणि नोकरवर्ग जहाजांवरच अडकला, कारण बंदरं कोणाला उतरू देईनात आणि विमानं बंद होती. बहामाजवळ, मनिलाच्या उपसागरात मोठमोठ्या पांढऱ्या जहाजांचे तांडे नांगर टाकून उभे होते. मरेला डिस्कव्हरी या जहाजावरची आपली मुलं एप्रिलच्या अखेरीस मुंबईत उतरली, तेव्हा आधी कित्येक दिवस त्या जहाजाचा ठिपका मुंबईबाहेर दिसत होता आणि घरोघरी लोक तो बघत होते. माझा मुलगा तेव्हा पलीकडे अटलांटिकमध्ये होता. त्याच्या जहाजावर इंटरनेट धड नव्हतं, फोन लागत नव्हता. पण जहाज बहामाजवळ आहे, रोज तिथेच आहे, हे मला दिसत होतं. कंपनीच्या कार्यालयात फोन करावा तर ध्वनिमुद्रित आवाज ऐकू यायचा. त्या काळात जहाजाच्या जागेची खरी, ताजी माहिती मला जिथून मिळाली ते ठिकाण म्हणजे सगळ्यांना खुला असलेला तो नकाशा. तेव्हापासून मी या माहितीला हौस मानत नाही. घरच्यांचा तो हक्क आहे.

जागा माहीत असण्याने आईचा जीव भांड्यात पडतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माहितीने माणसं वाचू शकतात आणि लपवलेलं उघडं पडतं. 13 जानेवारी 2012 ची रात्र आठवा. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे इटलीचं क्रूझ जहाज चिविताव्हेक्किया बंदरातून सुटलं, तेव्हा त्यावर 4200 हून अधिक माणसं होती. जिलिओ बेटाला जवळून सलामी द्यायला कप्तानाने ठरलेली वाट सोडली आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास जहाज खडकावर आपटलं. जहाजावरून किनाऱ्याला लगेच मदतीची हाक गेली नाही. एका प्रवाशाच्या घरच्यांनी प्रातो शहरातल्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी लिव्होर्नोच्या तटरक्षक दलाला. तटरक्षकांनी एआयएसवर जहाज शोधलं, तर ते बेटाच्या अगदी कुशीत होतं. त्यांनी विचारलं, तेव्हा जहाजावरून उत्तर आलं की फक्त वीज गेली आहे. पडद्यावरची जागा आणि तोंडचं उत्तर जुळेना, म्हणून तटरक्षकांनी गस्ती बोटीला तिकडे जायला सांगितलं. त्या रात्री 32 जण गेले. घरून एक फोन आला नसता आणि पडद्यावर तो ठिपका नसता, तर किनाऱ्याला खरं कळायला आणखी किती वेळ गेला असता? पुढे कप्तानाला 16 वर्षांची शिक्षा झाली. जहाज कुठून वळलं, कधी आपटलं, वाऱ्याने कसं परत किनाऱ्याला लागलं, याचा मिनिटामिनिटाचा माग जगाने पाहिला.

पण नुसतं यंत्र पुरत नाही, हे दक्षिण कोरियाने फार मोठी किंमत मोजून शिकवलं. 16 एप्रिल 2014 ला सेवोल ही फेरी इंचनहून जेजू बेटाकडे चालली होती. जहाजावर 476 माणसं होती आणि त्यांत बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. वाजवीपेक्षा जास्त माल भरलेली ती बोट एका तीव्र वळणात कलली. एआयएस चालू होतं. तो भाग जिंदो इथल्या जहाज वाहतूक नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली होता. तरीही वळण, मंदावलेला वेग, वाहवत जाणं, हे पडद्यावर दिसत असताना कोणाच्या लक्षात आलं नाही. मदतीचा पहिला फोन एका विद्यार्थ्याने मोबाईलवरून केला, आणि तटरक्षकांनी त्या पोराला अक्षांश-रेखांश विचारले. मी आयुष्यभर मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले. कलत्या बोटीतल्या मुलाला ते विचारावे लागले, हे वाचून मी बराच वेळ सुन्न होते. जे सांगायला एक यंत्र जहाजावर बसवलेलं होतं, ते त्या मुलाकडे मागितलं गेलं. 304 माणसं गेली. जिंदो केंद्रातल्या कर्मचाऱ्यांवर पुढे खटले भरले गेले. यंत्र बोलत होतं, पण ऐकायला बसवलेल्यांचं लक्ष नव्हतं.

आता आपल्या बंदराकडे येते. अलिबाग-रेवसच्या माणसाला रामदास बोटीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. 17 जुलै 1947, आषाढ अमावस्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ वादळात सापडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. इकडच्या कोळ्यांनी आपली गलबतं घालून जमतील तितकी माणसं ओढून काढली, पण मुंबईला पत्ता नव्हता. लाटांवर तरंगत एक मुलगा गेटवेला लागला, तेव्हा कुठे मुंबईला कळलं की सकाळी सुटलेली बोट राहिलेलीच नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं श्राद्ध अजून होतं. त्याआधी 1888 च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा, लोक जिला विजळी म्हणत, सातशेहून अधिक माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. ती नेमकी कुठे बुडाली, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

तो काळ गेला असं म्हणायची सोय नाही. मार्च 2020 मध्ये गेटवेहून येणारी एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. पोलिसांची गस्ती बोट जवळ होती म्हणून 88 जण वाचले. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली आणि 15 जीव गेले. नीलकमलला 84 प्रवासी आणि 6 कर्मचारी नेण्याची परवानगी होती. बोटीत शंभराहून अधिक माणसं निघाली. त्या संध्याकाळी गेटवेवर नातेवाईक विचारत होते, बोटीत नक्की किती जण होते? आकडा रात्रभर बदलत राहिला. एक लहान मुलगा तर काही दिवसांनी सापडला. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांपैकी एका बंदरात, भर दुपारी, किनाऱ्यावरून दिसण्याइतक्या अंतरावर, बोटीत कोण होतं याची खात्रीलायक यादी नव्हती.

मी खोटा दावा करणार नाही. नीलकमलवर एआयएस असतं-नसतं तरी नौदलाची ताबा सुटलेली बोट थांबली नसती. ती चूक वेगळी आहे आणि तिची चौकशी वेगळ्या अंगाने व्हायला हवी. माझं म्हणणं धडक बसल्यानंतरच्या आणि आधीच्या वेळेबद्दल आहे. बोट निघताना माणसं मोजून तो आकडा किनाऱ्याला कळवलेला असेल, तर 84 च्या जागी शंभर बसणारच नाहीत. बोट मध्येच थांबली हे पडद्यावर तत्काळ दिसलं, तर मदत जवळच्या बोटीच्या नजरेवर अवलंबून राहणार नाही. आणि बोट रोज कुठून जाते, किती वेगाने जाते, कोणाच्या वाटेत येते, याची नोंद साठत गेली तर धोक्याच्या जागा अपघाताआधी कळतील.

हाँगकाँगने हे केलं आहे. 1 ऑक्टोबर 2012 ला आतषबाजी बघायला निघालेली लामा-4 ही बोट एका फेरीला धडकून बुडाली. 39 जण गेले, त्यांत 8 मुलं. चौकशी झाली आणि तिथल्या सरकारने मोठ्या प्रवासी बोटींवर एआयएस, रडार बसवायला लावलं. हाँगकाँगचं बंदर म्हणजे आपल्यासारखंच: मोठी जहाजं, बेटं, फेऱ्या, मच्छीमार, सगळं एका पाण्यात. अमेरिकेत सिॲटलच्या बाजूला वॉशिंग्टन राज्याच्या फेऱ्या चालतात. त्यांचा वेसलवॉच नावाचा खुला नकाशा आहे. कोणती फेरी कुठे आहे, धक्क्यावर आहे की सुटली आहे, हे तिथला प्रवासी घरी बसून बघतो.

इथे बोटमालक म्हणतील, पाऊण-एक तासाची फेरी, यंत्राचा खर्च कशाला? लहान बोटींसाठी एआयएसची क्लास बी नावाची स्वस्त आवृत्ती निघून आता पुष्कळ वर्षं झाली. लाँचच्या एका इंजिनाच्या डागडुजीपुढे तो खर्च फार नाही. शिवाय आपलंच सरकार कोळ्यांच्या बोटींवर ट्रान्सपाँडर बसवतं आहे. 2023 मध्ये 1 लाख मासेमारी बोटींसाठी 364 कोटींची योजना मंजूर झाली आणि त्यासाठी इस्रोने आपल्याच उपग्रहांवर चालणारी यंत्रणा तयार केली. कोळ्याचा जीव समुद्रात सांभाळायचा हे अगदी रास्त आहे. मग त्याच समुद्रात तिकीट काढून बसलेल्या शंभर माणसांचा जीव का नाही?

काही जण सुरक्षेचं नाव घेतील. मुंबईच्या बंदरात नौदल आहे, 26/11 चे हल्लेखोर समुद्रातूनच आले, तेव्हा बोटींच्या जागा जगाला दाखवायच्या का? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीनेसुद्धा 2004 मध्ये एआयएसची माहिती इंटरनेटवर उघड करण्याचा निषेध केला होता, आणि धोक्याच्या पाण्यात यंत्र बंद ठेवण्याची मुभा कप्तानाला आजही आहे. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजांनी ती वापरली. पण गेटवे ते मांडवा ही फेरी गुपित नाही. तिचं वेळापत्रक खिडकीवर लावलेलं आहे आणि वाट प्रत्येक कोळ्याला पाठ आहे. उलट 26/11 नंतर आपण काय शिकलो? ओळखीच्या बोटी स्वतःची ओळख सांगत असल्या, तर न सांगणारी बोट चटकन उठून दिसते. किनाऱ्यावरच्या दीपस्तंभांवर एआयएसचं जाळं उभारलं गेलं ते याच काळात. आणि खुल्या नकाशावर ठिपका दोन-चार मिनिटं उशिरा दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, घरच्यांना तेवढं पुरतं. नियंत्रण कक्षात मात्र तो त्या क्षणी दिसला पाहिजे.

देशातल्या देशात चालणाऱ्या लहान बोटींचा निर्णय सोलास त्या त्या सरकारवर सोडतं, म्हणून भाऊचा धक्का ते रेवस किंवा मोरा, गेटवे ते घारापुरी या फेऱ्यांसाठी जगाचा कायदा धावून येणार नाही. ते काम आपल्या परवान्यानेच करायचं आहे. प्रवासी बोटींना परवाना देणारं महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, मुंबई बंदरात जहाज वाहतूक नियंत्रण यंत्रणा आहे, दीपस्तंभांवर अँटेना आहेत. म्हणजे नव्याने उभारायचं फार थोडं आहे, आहे ते जोडायचं आहे.

माझ्या मागण्या पाच आहेत. माणसं नेणाऱ्या प्रत्येक यांत्रिक बोटीवर एआयएस किंवा इस्रोचा ट्रान्सपाँडर असावा आणि प्रवासी बसलेले असताना तो बंद आढळला तर परवाना थांबावा. बोट सुटण्याआधी माणसं मोजून, लहान मुलं वेगळी मोजून, तो आकडा किनाऱ्याला पाठवावा. फेरीच्या वाटेत बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली तर नियंत्रण कक्षात घंटा वाजावी, आणि ती घंटा ऐकायला नाव-हुद्द्यासह माणूस नेमलेला असावा. धक्क्यावर पडदा असावा आणि फोनवर नकाशा, दोन्ही मराठीत. आणि प्रत्येक फेरीचा माग जपून ठेवावा, म्हणजे उद्या काही घडलं तर चौकशी ऐकीव साक्षींवर चालणार नाही.

आणि हे मुंबईपुरतं ठेवू नये. दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे, रेवस-करंजाची तर, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी, या सगळ्यांवर रोज शाळेची पोरं, मासळीवाल्या बाया, देवदर्शनाला निघालेली म्हातारी माणसं बसतात. क्रूझच्या प्रवाशाचा जीव जगाने मौल्यवान मानला आणि त्यासाठी कायदा केला. कोकणातल्या प्रवाशाच्या जिवाचं मोल आपणच ठरवायचं आहे.

मुंबईत लोकल कुठवर आली ते आता फोनवर दिसतं. रुळावरची गाडी सिग्नलला थांबली तर माणूस उतरून चालू शकतो, समुद्रात ती सोय नाही. म्हणून लाँच दिसणं हे लोकल दिसण्याहून जास्त गरजेचं आहे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि समुद्र शांत झाला की सप्टेंबरात पुन्हा सुटू लागतात. सागरी मंडळाने पुढच्या मोसमाचे परवाने देताना या अटी त्यात लिहाव्यात, एवढंच मी मागते. तोवर प्रवाशांनीही तिकिटाच्या खिडकीवर रोज विचारावं: बोटीवर यंत्र आहे का, चालू आहे का, आज किती माणसं बसली? शंभर जणांनी रोज विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.